अळू: पाण्याची निवड, पानांची काळजी आणि नेहमीच्या तक्रारींवर उपाय

मुंबईत नायगाव दोन आहेत. एक दादर आणि परळच्या मधले, बीडीडी चाळींचे. दुसरे वसईच्या अलीकडचे, पश्चिम रेल्वेवरचे. अळूच्या बाबतीत या दोन्हींचे जुने नाते आहे. वसई-पालघरच्या वाड्यांतला भाजीपाला पहाटेच्या गाडीने दादरला उतरतो आणि तिथून नायगाव, लालबाग, परळच्या घराघरांत जातो. श्रावण लागला की अळूची मागणी वाढते. वडी, फदफदे, ऋषिपंचमीची भाजी, गणपतीतल्या जेवणावळी आणि मागोमाग पितृपक्ष, असे सगळे ओळीने येते. नेमका हाच काळ या पिकावर करपा येण्याचाही असतो.

दुसरीकडे चाळीच्या मागे, मोरीचे पाणी जिथे पडते तिथे अळू आपोआप फोफावते. त्याला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी पाने सुपाएवढी होतात. त्यामुळे 'अळूला काळजी लागत नाही' असा समज पक्का झाला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. अळू जगवायला काळजी लागत नाही, पण खाण्याजोगे आणि विकण्याजोगे अळू पिकवायला नक्की लागते. पाणी कोणते घालता आणि पाने कधी व कशी कापता, या दोन गोष्टींवर बहुतेक यश-अपयश ठरते. हा लेख बाजारासाठी अळू करणारे शेतकरी आणि शहरात कुंडीत किंवा चाळीच्या आवारात अळू लावणाऱ्यांना सल्ला देणारे कृषी कार्यकर्ते, या दोघांसाठी आहे.

आपल्याकडे कोणते अळू आहे ते आधी ओळखा

खाण्याचे अळू म्हणजे कोलोकेशिया एस्क्युलेंटा, सुरणाच्या कुळातले. बाजारात त्याचे दोन ठळक प्रकार दिसतात. गडद, जांभळट-काळपट देठाचे आणि जाडसर पानाचे ते वडीचे अळू. फिकट हिरव्या देठाचे, पातळ आणि मऊ पानाचे ते भाजीचे अळू. दोन्ही एकाच वाफ्यात लावू नका. वडीच्या पानाला अखंडपणा लागतो, छिद्र पडलेले पान ग्राहक बाजूला काढतो. भाजीच्या अळूत देठासह सगळे चिरले जाते, त्यामुळे तिथे थोडे खरचटलेले पानही चालते. कापणीची पद्धत, जुडी आणि भाव, तिन्ही वेगळे असल्याने वाफेही वेगळे ठेवलेले बरे.

केवळ पानांसाठी लागवड करायची असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण हरितपर्णी' हा वाण विचारात घ्या. कंदासाठी, म्हणजे अरवीसाठी, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे 'श्री रश्मी', 'श्री पल्लवी', 'श्री किरण' हे वाण आहेत. परंतु कंदाच्या वाणाची पाने वडीला चांगली लागतीलच असे नाही. एक-दोन रोपे लावून, खाऊन पाहा आणि मगच क्षेत्र वाढवा.

शहरात एक धोका जास्त आहे. रोपवाटिकेत 'हत्तीकान' म्हणून विकली जाणारी शोभेची झाडे अळूसारखीच दिसतात. त्यांपैकी बरीच अलोकेशिया किंवा कॅलेडियम असतात आणि ती खाण्याची नाहीत. खाण्याच्या अळूचे पान सहसा टोक खाली करून लोंबते आणि देठ पानाला खाचेपाशी न जुळता थोडे आत, पाठीवर जुळते. अलोकेशियाचे पान बहुधा चकचकीत आणि टोक वर किंवा आडवे धरलेले असते. ही खूण उपयोगी आहे, पण शंभर टक्के खात्रीची नाही, कारण काही अलोकेशियांचे देठही आत जुळते. म्हणून नियम एकच: ज्याचा कंद खाणाऱ्याच्या घरून आला नाही, ते अळू स्वयंपाकघरात नेऊ नका. नाल्याकाठच्या रानअळूलाही हेच लागू. कोकणात तेरे किंवा झाडावर उगवणारे रुखाळू खाल्ले जाते, पण ते ओळखणाऱ्या माणसांनी काढलेले असते.

पाणी: भरपूर हवे, पण कोणते?

अळूला ओल लागते. मुळाशी पाणी साचले तरी ते बराच काळ तग धरते, कारण त्याच्या देठात आणि मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात. म्हणूनच मोरीच्या आणि गटाराच्या कडेला ते इतके खूश असते. सांडपाण्यातला नत्र मिळाल्यावर पाने मोठी, काळीभोर होतात आणि पाहणाऱ्याला वाटते, काय झकास अळू आहे.

अडचण पुढे आहे. सांडपाण्यातून पानाला दोन प्रकारची घाण लागते. पहिली म्हणजे जंतू आणि जंतांची अंडी. ती पानावर, देठाच्या बेचक्यात राहतात. स्वच्छ पाण्यात तीन-चार वेळा धुणे आणि भरपूर शिजवणे यांनी हा धोका बराच कमी होतो, आणि अळू तसेही कच्चे खाल्ले जात नाही. दुसरी घाण म्हणजे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू. ते मुळांवाटे पानाच्या आत जातात. ते धुऊन निघत नाहीत, शिजवून नष्ट होत नाहीत, आमसूल-चिंच घालूनही जात नाहीत. पालेभाज्यांत हे धातू साठण्याचे प्रमाण फळभाज्यांपेक्षा साधारणपणे जास्त असते आणि लहान मुलांना शिशाचा त्रास सर्वाधिक होतो. पान कितीही तजेलदार दिसले तरी त्यावरून धातूचा पत्ता लागत नाही.

जुन्या गिरणगावात हा मुद्दा पाण्यापुरता नाही, मातीचाही आहे. नायगाव-परळ पट्ट्यात कित्येक दशके गिरण्या, रंगकाम, छापखाने, गॅरेज होती. पेट्रोलमधले शिसे देशभर २००० साली बंद झाले, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत जे पडले ते मातीतून सहजी जात नाही. त्यात आता पुनर्विकासाच्या कामांतून निघालेल्या राड्यारोड्याची भर पडते. जुन्या भिंतींचा रंग, गंजलेले लोखंड आणि सिमेंट त्या मातीत मिसळलेले असते. चाळीमागच्या अशा जमिनीत उगवलेले अळू शोभेला ठेवा, खाऊ नका. हे सांगताना कार्यकर्त्यांना अवघड जाते, कारण ते अळू एखाद्या आजीने तीस वर्षे जपलेले असते. अशा वेळी झाड उपटायला सांगू नये. त्याची पिल्ले काढून, मुळे धुऊन, जुनी पाने टाकून, चांगल्या मातीच्या कुंडीत लावून द्यावीत. कुंडीत आलेली पहिली दोन-तीन पाने काढून टाकावीत आणि त्यानंतरची पाने खावीत. जुने बेणेही राहते आणि माणूसही दुखावत नाही.

रुळांलगतच्या भाजीबद्दलही अनेकदा विचारले जाते. रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेत कर्मचाऱ्यांना रुळांशेजारची मोकळी जमीन भाजीसाठी दिली जात असे आणि त्यातून मुंबईला पालक, माठ, भेंडी, अळू मिळत आले. ती जमीन वाईटच असे नाही, खरा प्रश्न तिथे कोणते पाणी घातले जाते हा आहे. शेजारच्या नाल्यात पंप टाकून पाणी घेतले जात असेल, तर ती भाजी घेऊ नये आणि तसे अळू पिकवूही नये. बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. आजकाल सोसायट्यांना थेट भाजी देणाऱ्या शेतकऱ्याला तो अहवाल दाखवता आला तर ग्राहकाचा विश्वास बसतो.

घरगुती पाण्यापैकी तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या धुतलेले पाणी अळूला उत्तम. भांडी घासलेले, कपडे धुतलेले, फरशी पुसलेले पाणी नको. साबणातले क्षार कुंडीत साठतात, पानाच्या कडा करपतात आणि लोकांना वाटते रोग आला.

शेतातली लागवड

कसदार, भुसभुशीत, ओल धरणारी जमीन घ्या. सामू ५.५ ते ७ असला की पुरे. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चपासून, नसेल तर पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये लागवड करा. माझे मत विचाराल तर पानांसाठी एप्रिल-मे उत्तम. पाऊस सुरू होईपर्यंत गड्डा पक्का होतो आणि करप्याचा पहिला झटका सोसतो. जूनच्या अखेरीस लावलेले अळू कोवळेपणीच झडीत सापडते.

२५ ते ३५ ग्रॅम वजनाचे, डोळा असलेले, निरोगी उपकंद निवडा. ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतराने गुंठ्याला सुमारे ३७० उपकंद, म्हणजे ११ ते १२ किलो बेणे लागते. हेक्टरी १२ टन शेणखत आणि ८०:२५:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश ही मात्रा कंदासाठी शिफारशीत आहे. गुंठ्याच्या हिशेबात ती अशी बसते: शेणखत १२० किलो, युरिया पावणेदोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलोच्या थोडे वर आणि म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे १ किलो ७०० ग्रॅम. स्फुरद सगळे आणि नत्र-पालाश निम्मे उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी द्या, उरलेले त्यानंतर महिन्याने खुरपणी करून, मातीची भर लावताना द्या. माती परीक्षण झाले असेल तर त्याप्रमाणे बदल करा.

पाने विकणाऱ्यांनी युरियाचा मोह आवरावा. जादा नत्राने पान झटकन वाढते, पण ते लुसलुशीत आणि कमकुवत असते. त्यावर मावा आधी येतो, करपाही वेगाने पसरतो आणि बाजारात पोचेपर्यंत जुडी मान टाकते. दर दोन कापण्यांनंतर ओळीत गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत टाकून मातीत मिसळणे जास्त फायद्याचे.

कुंडीत, गच्चीवर, नव्या टॉवरमध्ये

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या बीडीडी चाळींचा म्हाडामार्फत पुनर्विकास होत आहे. जमिनीलगत अळू लावणारी कुटुंबे आता उंच मजल्यांवर जात आहेत. त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात: पाने फाटतात, कडा वाळतात, पाने लहान येतात. यातले बहुतेक रोग नसतात. उंचावर वारा जास्त आणि हवा कोरडी असते. अळूचे पान मोठे असल्याने वाऱ्यात पटकन पाणी गमावते. कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, वाऱ्याच्या बाजूला हिरवी शेडनेट बांधा.

कुंडी किमान १५ ते २० लिटरची आणि उंचीपेक्षा रुंद घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट हे मिश्रण चांगले चालते. चार-पाच तास ऊन हवेच. सावलीत अळू मरत नाही, पण देठ लांबतात, झाड खिडकीकडे झुकते आणि पान पातळ होते. ग्रिलमध्ये मोठी कुंडी ठेवू नका. ओली कुंडी २५-३० किलोंची भरते आणि खाली माणसे चालतात.

कुंडीतले अळू वर्षा-दीड वर्षात पिल्लांनी गच्च भरते. पाने हळूहळू वाटीएवढी होऊ लागली की खत वाढवण्याआधी कुंडी उलटी करून पाहा. बहुधा आत माती उरलेलीच नसते, सगळी मुळेच असतात. तीन-चार जोमदार पिल्ले ठेवून बाकी काढा आणि नवी माती भरा. मे महिन्याची अखेर या कामाला सोयीची.

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका. डेंगू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अळूच्या देठाच्या बेचक्यात साचणारे पाणीही एडिसच्या काही जातींना पुरते. आठवड्यातून एकदा झाड हलवून किंवा पाइपाचा जोरदार फवारा मारून ते पाणी बदलले की अळ्या टिकत नाहीत.

पाने कापताना

लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी पहिली कापणी मिळते. बाहेरची, पूर्ण उमललेली पाने घ्या. मधली सुरळी आणि तिच्या जवळची किमान तीन पाने राहू द्या. चांगल्या हवामानात एका कोंबाला साधारण आठवडा-दहा दिवसांनी नवे पान येते, त्यामुळे त्याहून वेगाने काढाल तर गड्डा खचतो. पान ओढून तोडू नका. ओढल्याने देठाचा तळ फाटतो आणि तिथून कुज गाभ्यात शिरते. धारदार विळ्याने देठ बोटभर ठेवून कापा.

कापणी सकाळी, पण दव किंवा पावसाचे पाणी निथळल्यावर करा. ओल्या पानांत हात घातला की करप्याचे बीजाणू तुम्हीच एका झाडावरून दुसऱ्यावर नेता. आधी निरोगी ओळी कापा, रोगट शेवटी. पाने एकावर एक ठेवून, ओल्या गोणपाटात सैल गुंडाळून सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ती तापतात आणि काळी पडतात.

गणपतीचा बाजार साधायचा असेल तर सगळे क्षेत्र शेवटच्या दिवसापर्यंत कापत राहू नका. सणाच्या दोन आठवडे आधी निम्म्या ओळींची कापणी थांबवा. प्रत्येक कोंबावर दोन तरी ताजी, मोठी, एकसारखी पाने तयार मिळतात. वडीच्या पानाला भाव अशा एकसारखेपणावरच मिळतो.

करपा: या पिकाचा खरा शत्रू

पावसाची झड चार-पाच दिवस लागली की पानावर पाण्याने भिजल्यासारखे गडद ठिपके दिसू लागतात. ठिपके वाढत एकमेकांत मिसळतात, तपकिरी होतात आणि त्यांत वर्तुळे दिसतात. डागातून पिवळसर-लालसर डिंकासारखे थेंब येतात, सकाळी डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. आठवडा-पंधरा दिवसांत पान जळाल्यासारखे लोंबते. हा फायटोप्थोरा कोलोकेशीमुळे होणारा करपा.

तो किती विध्वंसक ठरू शकतो हे पॅसिफिकमधल्या सामोआने पाहिले. तिथे अळू हे मुख्य अन्न आणि निर्यातीचे पीक. १९९३ मध्ये हा करपा तिथे शिरला आणि वर्षभरात अळूची निर्यात जवळजवळ शून्यावर आली. तिथे एकच आवडता वाण सगळीकडे लावलेला होता आणि तो रोगाला बळी पडणारा निघाला. आपल्याकडे वाणांची सरमिसळ असल्याने असे एकदम होत नाही, तरी एका वाफ्याचे नुकसान चार दिवसांत होते.

बुरशीचे बीजाणू पाण्यातून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतात. म्हणून उपायाची सुरुवात फवाऱ्यापासून करू नका, हवा आणि पाण्यापासून करा. ओळींत अंतर ठेवा. तण काढा. सरीतले पाणी वाहते ठेवा. पावसाळ्यात वरून पाणी अजिबात देऊ नका आणि इतर वेळीही संध्याकाळी पानावर मारू नका, कारण रात्रभर ओले राहिलेले पान रोगाला आमंत्रण देते. झडीच्या दिवसांत रोज एक फेरी मारा. डाग दिसलेले पान देठासह कापून पिशवीत भरा आणि शेताबाहेर पुरा. कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा बांधावर टाकू नका. सुरुवातीच्या दहा पानांचा हा त्याग पुढची दोनशे पाने वाचवतो.

औषधांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. कंदासाठी केलेल्या पिकात मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब यांसारख्या बुरशीनाशकांचा वापर होतो. पण ज्या पिकाचे पानच दर आठवड्याला कापून विकले जाते, तिथे अशी औषधे मारून प्रतीक्षा काळ पाळणे जवळपास अशक्य आहे. डब्याच्या लेबलवर अळूचे नाव आणि कापणीपूर्वीचा काळ छापलेला नसेल तर ते औषध वापरू नका, दुकानदार काहीही म्हणो. पानांच्या वाफ्यात रोग हाताबाहेर गेला असेल तर सगळी पाने कापून नष्ट करा, खत द्या आणि गड्डा पुन्हा फुटू द्या. कंद जिवंत असेल तर उघडीप मिळाल्यावर तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतात. ऐन सणात हा सल्ला कडू लागतो, पण फवारलेले पान तिसऱ्या दिवशी बाजारात नेण्यापेक्षा बरा.

काहीही फवारताना, अगदी निंबोळी अर्क असला तरी, एक अडचण येते: अळवावरचे पाणी. पानावरच्या मेणामुळे आणि बारीक उंचवट्यांमुळे थेंब घरंगळून जातो. चिकटद्रव्य मिसळल्याशिवाय फवारा जमिनीवरच पडतो. पानाच्या खालच्या बाजूने, बारीक तुषारांनी फवारा.

इतर तक्रारी

पहाटे पानाच्या टोकाशी थेंब लटकतात आणि लोक घाबरून विचारतात. मुळांनी घेतलेले जादा पाणी झाड टोकातून बाहेर टाकते, हा रोग नाही.

सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडणे नैसर्गिक आहे, ते काढून टाका. खालची सगळी पाने एकदम फिकट होत असतील तर नत्राची कमतरता समजा. नवीन पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. राड्यारोड्याच्या चुनखडीयुक्त मातीत ती नेहमी दिसते आणि तिथे माती बदलणे हाच उपाय. पाने पिवळी, माती सतत ओली आणि कुंडीला आंबूस वास येत असेल तर कंद कुजतो आहे. गड्डा उपटा, मऊ भाग कापून टाका, घट्ट भाग दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मातीत लावा. शेतात ही कुज टाळण्यासाठी १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून लागवडीपूर्वी टाका.

पानावर पिसासारखी फिकट नक्षी, पान आकसलेले दिसले तर तो मोझॅक विषाणू. झाड मरत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि त्याचीच पिल्ले शेजाऱ्याला देतात. विषाणूवर औषध नाही. असे झाड काढून टाका, मावा आटोक्यात ठेवा आणि बेणे त्या वाफ्यातून घेऊ नका. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि लिटरला ५ मिलि निंबोळी तेल थोड्या साबणद्रावणासह पुरेसे होते.

पाने रातोरात चाळणीसारखी झाली तर खालच्या बाजूला तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचे पुंजके शोधा. पुंजक्यात असतानाच पान कापले तर काम फत्ते. शेपटीवर शिंग असलेली बोटाएवढी मोठी अळी दिसली तर ती पतंगाची. एखाद-दुसरीच असते, हाताने उचला. पानावर चकाकता माग दिसला तर गोगलगाय. संध्याकाळी ओली गोणपाटे पसरून ठेवा, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हात उघडे ठेवू नका. मार्च-मे मध्ये पान धुरकट, ठिपकेदार आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. तेव्हा पानाच्या पाठीवर सकाळी पाणी मारणे चालते, करप्याचा तो मोसम नसतो.

खाज

अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते त्वचेत आणि घशात टोचतात. कापताना हातमोजे घाला किंवा हाताला खोबरेल तेल लावा. स्वयंपाकात चिंच, आमसूल किंवा आंबट ताक घालून पूर्ण शिजवणे हा घराघरातला उपाय बरोबरच आहे, अर्धवट शिजलेले अळू मात्र कोणत्याही वाणाचे खवखवते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावे. एखाद्या वाफ्याचे अळू दरवेळी खाजरे निघत असेल तर त्या गड्ड्याचे बेणे पुढे नेऊ नका. शोभेचे पान चुकून लहान मुलाने चावले आणि तोंड सुजले, तर तोंड पाण्याने धुऊन थेट दवाखान्यात न्या.

पुढच्या वर्षाचे बेणे

डिसेंबर-जानेवारीत पाने लहान होतात, वाढ मंदावते. हीच बेणे निवडण्याची वेळ. पण कोणत्या गड्ड्याचे घ्यायचे हे पावसाळ्यातच ठरवा: झडीत ज्याला करपा सर्वांत कमी आला त्याच्या देठाला तेव्हाच रंगीत चिंधी बांधून ठेवा आणि देठ वाळायच्या आत शेजारी खुंटी ठोका. थंडीत सगळे अळू सारखेच दिसते. खुणेचे गड्डे काढून माती झाडा, जखमी उपकंद वेगळे करा आणि उरलेले सावलीत, हवेशीर जागी कोरड्या वाळूच्या थरांत ठेवा. महिन्यातून एकदा उकरून मऊ पडलेले काढून टाका. चाळीतल्या घरी तेलाचा रिकामा डबा, झाकण न लावता, या कामाला पुरतो.